महिनाअखेरचा वाचन-आढावा : नेमकं काय लिहून ठेवायचं?

टाचणवही

महिना संपला की ‘एवढी पुस्तकं झाली’ असा आकडा बरेच जण टाकतात. त्या आकड्यातून पुढच्या महिन्याला उपयोगी पडेल असं काहीच हाती लागत नाही. एक चरित्र, दोन कादंबऱ्या, दिवाळी अंकातली दीर्घकथा आणि अर्ध्यावर ठेवलेलं समीक्षेचं पुस्तक यांची बेरीज करून काय कळणार? माझ्या मते आढाव्यात मुख्यतः हे यायला हवं : पुस्तक मिटल्यावर काय आठवतं, कुठे अडलं आणि का अडलं, आणि त्यावरून पुढचं पुस्तक कसं ठरलं.

माझी पद्धत अशी. दोनशेपानी वही. प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं. डावं पान वाचताना भरायचं : शीर्षक, लेखक, असल्यास अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि तिचं वर्ष, एकूण पानं, पुस्तक कुठून आलं (विकत, वाचनालय, उसनं), सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. उजवं पान महिनाअखेरपर्यंत कोरं. शेवटच्या रविवारी पुस्तक न उघडता तिथे आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल शाईने दुरुस्त करायचं.

आता प्रश्न. पानं मोजावीत का? दिवाळी अंक एक धरायचा की त्यातला प्रत्येक लेख वेगळा? सोडून दिलेल्या पुस्तकाची नोंद कशी करायची? पुनर्वाचन मोजायचं का? आपापली पद्धत तपशिलात लिहा.

सोळापानी

पानांची बेरीज अजिबात करू नका. मराठी पुस्तकं मुख्यतः डेमी आणि क्राउन या दोन आकारांत निघतात. डेमी साधारण ५.५ × ८.५ इंच, क्राउन त्याहून लहान, साधारण ५ × ७.५ इंच. त्यातही टाइप मोठा-लहान असतो, समास कमी-जास्त असतो.

मोजायचंच असेल तर शब्द मोजा, आणि त्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही. पुस्तकाच्या मधलं, संवाद कमी असलेलं एक भरलेलं पान घ्या. ओळी मोजा. दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा. गुणाकार केला की पानाचे शब्द मिळतात. समजा डेमी पानावर ३० ओळी आणि ओळीला ९ शब्द, म्हणजे २७०. क्राउन पानावर २६ ओळी आणि ७ शब्द, म्हणजे १८२. आता २०० पानी डेमी पुस्तक ५४,००० शब्दांचं झालं आणि ३०० पानी क्राउन पुस्तक ५४,६०० शब्दांचं. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखीच, पण पानांच्या यादीत दुसरं दीडपट दिसतं. प्रकरणांच्या आधीची कोरी आणि अर्धी पानं असतात, म्हणून शेवटी दहा टक्के वजा करा.

इंग्रजी आणि मराठी पुस्तकांचे शब्दही एका खात्यात टाकू नका. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बरीच शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द आहे, इंग्रजीत तेवढ्यालाच तीन-चार लागतात. म्हणून मिनिटाला अमुक शब्द वाचले जातात, हे इंग्रजीवरून काढलेले आकडे मराठी वाचकाने स्वतःला लावून घेऊ नयेत.

चिंचपोकळी_लोकल

एवढा हिशोब केला तर वाचायला वेळ कुठला उरणार? तारीख, शीर्षक आणि एक ओळ. बास. जास्त रकाने असलेली वही दुसऱ्या आठवड्यात कोरी राहायला लागते, हे कुणाचीही जुनी वही उघडलीत तरी दिसेल. पहिल्या आठवड्यात सगळं भरलेलं असतं, मग ‘प्रकाशक’ सुटतो, मग ‘आवृत्ती’, मग तारखा. एक रकाना रिकामा राहिला की पुढची नोंदच टाळली जाते.

टाचणवही

@चिंचपोकळी_लोकल, रकाने कमी असावेत हे पटतं. पण आवृत्ती गाळू नये. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. ‘पान ११२ वरचं वर्णन’ असं लिहून ठेवलं आणि वर्षभराने वाचनालयात दुसरी आवृत्ती हाती आली, तर ते वर्णन ९७ वर असू शकतं आणि शोधण्यात अर्धा तास जातो.

शके_१९४७

आवृत्तीवरून एक व्यावहारिक सूचना. जुन्या पुस्तकांत श्रेयपानावर फक्त शके छापलेलं असतं. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. शके १८५० असेल आणि महिना दिलेला नसेल तर वहीत ‘१९२८-२९’ असं जोडवर्ष लिहा. एकच वर्ष ठोकून दिलं तर पुढे तेच खरं मानलं जातं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हेही वेगळं लिहा. पुनर्मुद्रणात मजकूर बहुधा तोच असतो, नव्या आवृत्तीत लेखकाने भर घातलेली असू शकते.

उजळणी

धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ‘पुस्तक न उघडता लिहायचं’ ही आहे, आणि तिला चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. म्हणजे आठवायचे कष्ट घेतले की गोष्ट टिकते. पुन्हा वाचल्याने फक्त ओळखीची वाटते.

यात हमखास बिघडणारी जागा अशी : लोक पुस्तक शेजारी ठेवून बसतात, पहिलंच वाक्य अडलं की उघडतात, आणि मग तो आढावा म्हणजे उतारा होतो. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटांचा गजर लावा. नाव आठवलं नाही तर जागा रिकामी सोडून पुढे जा, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते आपोआप येतं.

काय लिहायचं ते प्रकारावर ठरतं. कादंबरी असेल तर पात्रांची नावं, त्यांची एकमेकांशी नाती आणि शेवटच्या चतुर्थांशात काय बदललं एवढं. सुरुवात सगळ्यांना आठवते, शेवटाकडचा भागच पुसला जातो. वैचारिक पुस्तक असेल तर लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात आणि त्यासाठी दिलेला एक तरी पुरावा. दावा आठवला आणि पुरावा आठवला नाही, तर ते प्रकरण पुन्हा वाचण्याच्या यादीत टाका. चरित्र असेल तर चार-पाच वर्षं आणि त्या वर्षी काय घडलं ते.

महिनाअखेरपर्यंत थांबणं मात्र मला मान्य नाही. महिन्याच्या दोन तारखेला संपलेलं पुस्तक एकतीस तारखेला आठवायला गेलात तर हाती फारच थोडं लागेल. पुस्तक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा, आठवड्याने दुसऱ्यांदा, आणि महिनाअखेरीला तिसऱ्यांदा. दुसरी खेप दोन मिनिटांची असली तरी चालते.

चिंचपोकळी_लोकल

हे पटलं. माझ्या एका ओळीची जागा आता ‘न बघता एक ओळ’ घेईल.

तक्ता_मास्तर

वहीऐवजी संगणकावर तक्ता करणाऱ्यांसाठी. मराठीत नोंदी ठेवल्या की तीन ठिकाणी गडबड होते.

देवनागरी अंक. ‘२४०’ असं देवनागरीत टाइप केलं की बहुतेक वेळा तक्ता त्याला मजकूर समजतो आणि बेरीज शून्य येते. तारखांचंही तेच, क्रमवारी उलटीसुलटी लागते. अंक आणि तारखांचे रकाने इंग्रजी अंकांतच भरा.

नावं. एकाच लेखकाचं नाव एकदा आद्याक्षरानंतर जागा सोडून, एकदा न सोडता लिहिलं की तक्त्याच्या लेखी ते दोन लेखक. त्याहून फसवं म्हणजे ‘ॲ’. काही कळफलक ‘ॲ’ हे एकच अक्षर देतात, काही ‘अ’ला वरून चंद्र जोडतात. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, आत मात्र वेगवेगळी साठवलेली असतात. शोध घेतला की निम्म्याच नोंदी सापडतात. उपाय सोपा आहे : लेखक, प्रकाशक आणि प्रकार या रकान्यांना निवडयादी (ड्रॉपडाउन) लावा, म्हणजे दुसऱ्यांदा टाइप करावंच लागणार नाही. नवा लेखक आला की तो आधी यादीच्या पानावर घालायचा.

तिसरी, अनेक लेखक. संपादित ग्रंथ किंवा अनुवाद असेल तर एका खणात दोन नावं कोंबू नका. अनुवादकाला स्वतंत्र रकाना द्या. सहा महिन्यांनी ‘कुणाचे अनुवाद सहज वाचून झाले, कुणाचे अर्ध्यावर राहिले’ हे चाळून बघता येतं. माझ्या मते सगळ्या तक्त्यातला सर्वात कामाचा रकाना तोच.

पानखूण

वाचनालयाच्या पुस्तकात कुणीही पेन चालवू नये, पेन्सिलसुद्धा. ए-फोर कागद तीनदा निम्मा करून फाडला की आठ तुकडे होतात, प्रत्येक सुमारे ७४ × १०५ मिलिमीटर. क्राउन पुस्तकातही बाहेर न डोकावता बसतो. तोच तुकडा खूण म्हणून ठेवायचा आणि त्यावरच टिपायचं : आधी पान क्रमांक, मग तीन-चार शब्द. पुस्तक परत करायच्या आधी तुकडे काढून वहीला टाचायचे.

चिकट चिठ्ठ्या जुन्या पुस्तकांना लावू नका. डिंकाचा थर कागदावर राहतो, त्याला धूळ चिकटते, आणि ठिसूळ झालेल्या कागदावरून चिठ्ठी ओढताना छपाईसुद्धा सोलवटून येते. पानाचा कोपरा दुमडणं तर त्याहून वाईट. स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडला की दोन-तीनदा दुमडल्यावर कोपरा हातात येतो. स्वतःच्या पुस्तकात लिहायचं तर मऊ पेन्सिल, २बी, आणि हात हलका. टणक पेन्सिलीने मागच्या पानावर वळ उठतात. झगझगीत रंगाची पेनं पातळ कागदात झिरपतात आणि वर्षा-दोन वर्षांत रंग उडून नुसता डाग राहतो.

अंकप्रेमी

दिवाळी अंकाबद्दल. अंक एक धरू नका. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या प्रकाराचं स्वरूपच संमिश्र आहे : कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं एकाच वेष्टनात. सलग वाचायची ती वस्तूच नाही, मग सलग मोजायची कशाला?

अनुक्रमणिकेची छायाप्रत काढा किंवा फोटो छापून वहीत चिकटवा. वाचलेल्या मजकुरापुढे तारीख, सोडलेल्यापुढे फुली, पुन्हा वाचायच्यापुढे गोल. लेखकाचं नाव नवीन असेल तर अधोरेखित. या अधोरेखित नावांतूनच पुढच्या महिन्यांची पुस्तकं मिळतात. अंक वाचण्याचा खरा लाभ तो आहे.

अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, पण वाचन पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतं. बरीच वाचनालयं ठरावीक रक्कम घेऊन काही महिने अंक आळीपाळीने देतात. तिथे एक अंक थोडेच दिवस हाती राहतो, म्हणून अनुक्रमणिकेचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. अंकाच्या गुळगुळीत कागदावर शाई पुसली जाते, टिपणं बाहेरच करा.

शिळोप्याची_कट्टेकरी

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं कुणी बोलेना! त्यांना यादीतून गाळू नका. नोंद तीन गोष्टींची : कितव्या पानावर सोडलं, नेमकं काय खटकलं, आणि परत घ्यायचं का. ‘कंटाळवाणं’ हे कारण चालणार नाही, त्यातून काही निष्पन्न होत नाही. ‘टाइप बारीक, रात्री डोळे दुखले’, ‘अनुवादातली वाक्यं दोनदा वाचावी लागतात’, ‘चाळीस पानं नुसती वंशावळ’, ‘मुदत संपली’ अशी कारणं लिहा. बारीक टाइपावर दुसरी आवृत्ती हा उपाय आहे, मुदतीवर नूतनीकरण, आणि वंशावळीवर ती चाळीस पानं ओलांडून पुढे वाचणं. खरोखर सोडायचं पुस्तक त्या यादीत एखादंच निघतं.

किती पानांवर सोडावं याला सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पानं वाचून ठरवावं, पन्नाशीपुढच्याने १०० मधून आपलं वय वजा करावं, तेवढी पानं पुरेत.

चिंचपोकळी_लोकल

म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांच्या आजोबांना सहा पानांत निकाल लावायची मुभा! त्यात चार पानं अर्पणपत्रिका आणि प्रस्तावनाच.

सोळापानी

प्रस्तावना त्या पानांत धरू नये हे खरंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुसऱ्याने लिहिलेली लांब प्रस्तावना असते आणि तिच्यात कथानक सांगून टाकलेलं असतं. ती शेवटी वाचावी, आणि मूळ मजकुराच्या पहिल्या पानापासून पन्नास मोजावीत.

किंडलकर

यंत्रावर वाचणाऱ्यांसाठी. किंडलमध्ये केलेल्या सगळ्या खुणा ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये जमा होतात. तारेने संगणकाला जोडलं की ती उतरवून घेता येते. खूण करून नंतर तीच दोन शब्द पुढे वाढवली तर जुनी आणि नवी दोन्ही त्या फाइलमध्ये राहतात, म्हणून महिनाअखेरीला आधी दुहेरी काढा. काही पुस्तकांना उताऱ्यांची मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की पुढचा मजकूर उतरत नाही. सरसकट परिच्छेद रंगवण्यापेक्षा एकेक वाक्य धरा.

अनेक मराठी ई-पुस्तकांत छापील पान क्रमांक नसतात, तिथे टक्केवारी लिहा. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसून चित्रं असतात, शब्द निवडता येत नाही. तिथे कागदाचा तुकडाच बरा.

ऐकलेल्या पुस्तकांना पानं नकोत, तास-मिनिटं लिहा. वेग वाढवून ऐकलं तरी मूळ लांबीच नोंदवा, नाहीतर दोन महिन्यांची तुलना करता येत नाही.

एडिसनवासी

परदेशातून वाचणाऱ्यांना नोंदीत आणखी एक गोष्ट लागते : ग्रंथालयाच्या सूचीतलं रोमन लिप्यंतर. अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठीचा चांगला साठा आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय पुस्तकं गोळा करत आलं आहे. पण सूचीत नाव ठरलेल्या लिप्यंतरपद्धतीने असतं. आपण बोलण्याप्रमाणे रोमन अक्षरं टाकली तर पुस्तक सापडतच नाही. शेवटचा ‘अ’ लिहायचा, ‘च’ला एकच अक्षर, दीर्घ स्वरांवर आडवी रेघ, शोधताना रेघ गाळली तरी बहुधा चालतं. एकदा सापडलं की ते लिप्यंतर आणि सूची-क्रमांक वहीत उतरवून ठेवा, आंतरग्रंथालयीन मागणीला तेच लागतात. आयएसबीएनवर (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकावर) विसंबू नका, जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. नव्यांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा तेरा अंकी असतो.

शके_१९४७

@एडिसनवासी, जुनं वाचायचं असेल तर सूचीपर्यंत जायचीही गरज नाही. भारतात लेखकाच्या निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं लेखनहक्क (कॉपीराइट) राहतो. १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेलं साहित्य १ जानेवारी २०२५ ला मुक्त झालं. मरणोत्तर प्रकाशित असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, आणि अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. मराठी विकिस्रोतावर अशी पुस्तकं स्कॅनसह आहेत, मूळ पानाशी ताडून बघता येतं. अमेरिकेत मात्र मुदतीचे नियम वेगळे आहेत, तिथे राहणाऱ्यांनी ते पाहावेत.

जुनं गद्य वाचताना अडलेला शब्द लगेच शोधू नका, लय तुटते. तुकड्यावर पान क्रमांकासह लिहा आणि प्रकरण संपल्यावर एकदम बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. निम्मे शब्द तोवर संदर्भाने उलगडलेले असतात.

टाचणवही

खूप कामाचं जमलं. वरच्या सूचनांवरून डाव्या पानावर आता एवढंच ठेवते : शीर्षक, लेखक, अनुवादक, आवृत्ती-वर्ष, कुठून आलं, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख. पानांचा रकाना काढून टाकला. उजव्या पानाचे आडवे तीन भाग, उजळणी यांच्या तीन खेपांसाठी. पण पुनर्वाचनाचं अजून कुणी सांगितलं नाही, आणि कवितासंग्रह यात बसत नाही. तो संपतो कधी?

उजळणी

पुनर्वाचनाला नवं पान देऊ नका. जुन्याच उजव्या पानावर वेगळ्या रंगाने लिहा, आधीचं झाकून. मग दोन्ही शेजारी दिसतात. आधी कुणाची बाजू घेतली होती, आता कुणाची, कुठला प्रसंग आधी लिहिलाच नव्हता, हे तिथे स्पष्ट कळतं. मोजणीत ते धरायचं का हा प्रश्नच मग उरत नाही.

शिळोप्याची_कट्टेकरी

कवितासंग्रहाला ‘संपल्याची तारीख’ नको. अनुक्रमणिका उतरवून घ्या आणि प्रत्येक कवितेपुढे वाचल्याच्या तारखा टाकत जा, एकीपुढे चार, एकीपुढे एकच, असं होऊ द्या. एका बैठकीला चार-पाच कविता पुरेत, त्यापुढे एकीचा सूर दुसरीत मिसळतो. निदान एकदा मोठ्याने वाचा. वृत्तातल्या ओळीत छापखान्याने मात्रा किंवा अनुस्वार गाळला असेल तर जीभ तिथेच अडखळते, डोळा तसाच पुढे जातो. महिनाअखेरीला पुस्तक न उघडता ज्या कवितेच्या निदान चार ओळी म्हणता येतील तिच्यापुढे खूण करायची. उरलेल्या कवितांसाठी तेच पुस्तक पुढच्या महिन्यातही उशाशी राहू द्या.

तक्ता_मास्तर

@टाचणवही, वहीला शेवटची चार पानं सोडून लेखकांची अकारविल्हे सूची करा, पान क्रमांकासह. सध्या पुस्तकं वाचल्याच्या क्रमाने आहेत, दोन वर्षांनी एखादं शोधायला अख्खी वही चाळावी लागेल. त्यासाठी आजच सगळ्या पानांवर क्रमांक घाला.